‘आपोआप’ येणारे गणित

तीन-साडेतीन वर्षांचे मूल एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवते, तेव्हा त्याला वीसपर्यंत मोजता येते असे घरातली माणसे धरून चालतात. त्याच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून ‘यातले तीन दे’ असे सांगितले, की बहुधा मूठभर चिंचोके हातावर पडतात. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने १९९० मध्ये अशाच साध्या चाचणीतून दाखवले की, संख्यांची नावे ओळीने म्हणणे वेगळे आणि शेवटी उच्चारलेले नाव हीच त्या समूहाची एकूण संख्या असते हे उमजणे वेगळे. मुलाला आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि त्यानंतर कधीतरी मोजण्याचा नियमच हाती लागतो. या प्रवासाला वर्षभर, कित्येकदा त्याहूनही जास्त वेळ लागतो. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ च्या पुस्तकात मोजणीमागची पाच तत्त्वे सांगितली होती: एका वस्तूला एकच नाव द्यायचे, नावांचा क्रम बदलायचा नाही, शेवटचे नाव म्हणजे एकूण संख्या, मोजायला काहीही चालते, आणि सुरुवात कोणत्याही वस्तूपासून केली तरी उत्तर तेच येते. मोठ्यांच्या ही तत्त्वे इतकी अंगवळणी पडलेली असतात की त्यांत शिकण्यासारखे काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

बालगणिताविषयी सध्या जो उत्साह आहे, त्याची अडचण इथेच सुरू होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले. पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि त्याने खेळाला मध्यवर्ती स्थान दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, चित्रकार्डे यांचा ‘जादुई पिटारा’ आला, पाठोपाठ त्याची डिजिटल आवृत्तीही आली. यात आक्षेप घेण्यासारखे फारसे नाही. पण या धोरणांच्या आडोशाने भाषणांत, जाहिरातींत आणि प्रशिक्षणवर्गांत दोन विधाने सर्रास ऐकू येऊ लागली आहेत. मुले खेळता खेळता गणित आपोआप शिकतात, हे पहिले. टॅब्लेटवरचे ॲप म्हणजे त्याच खेळाचा आधुनिक अवतार असून शिक्षकांची उणीव तो भरून काढतो, हे दुसरे. पहिले विधान अर्धेच खरे आहे. दुसऱ्याला, निदान चार-पाच वर्षांच्या मुलांच्या बाबतीत, म्हणावा असा आधार नाही. दोन्ही तपासायला लागणारा पुरावा हाताशी आहे आणि त्यातला बराचसा भारतातच गोळा झालेला आहे.

खेळाच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा प्रयोग गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांचा, २००८ सालचा. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधली चार-पाच वर्षांची मुले त्यात होती. एका पट्टीवर एका ओळीत एक ते दहा अंकांची सारखी घरे, फिरवायची एक चकती आणि चकतीवर फक्त एक किंवा दोन. मुलांनी हा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे खेळला. एकूण वेळ तासाभराचा. तेवढ्यावर मुलांची अंकओळख, मोजणी, लहान-मोठी संख्या ठरवणे आणि संख्यारेषेवर संख्येची जागा सांगणे, हे सगळे सुधारले आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून राहिले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. त्याच प्रयोगात मुलांचा दुसरा गट तसाच पट, तशीच चकती घेऊन, तितकाच वेळ खेळत होता. त्यांच्या घरांत अंकांऐवजी रंग होते. त्या मुलांना मजा आली असेलच, पण गणितात काहीही फरक पडला नाही. पुढच्या वर्षी याच संशोधकांनी घरे वर्तुळात मांडून पाहिली, तेव्हा सरळ पट्टीइतका लाभ झाला नाही. म्हणजे पट तोच, आनंदही तोच, तरी शिकणे घडले ते अंकांची मांडणी संख्येच्या घडणीशी जुळलेली होती तिथेच.

त्याहून बारीक गोष्ट सोंगटी सरकवताना मूल काय बोलते याची आहे. या खेळाचा नियम असा होता की तीनच्या घरातल्या मुलाला दोन पडले, तर त्याने ‘चार, पाच’ असे म्हणत पुढे जायचे. ‘एक, दोन’ असे म्हणायचे नाही. एलिडा लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांच्या पटावर हेच तपासले. घराचा अंक म्हणत जाणारी मुले पुढे गेली, प्रत्येक खेपेला एकपासून मोजणाऱ्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. मराठी घरांतली सापशिडी जवळजवळ नेहमी दुसऱ्या पद्धतीनेच खेळली जाते. तेविसाच्या घरात सोंगटी आहे, फाशावर चार पडले, की मूल ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत टुणटुण उड्या मारते आणि सत्तावीस हा अंक त्याच्या तोंडी येतच नाही. शिवाय बाजारात मिळणाऱ्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे तर पुढची उजवीकडून डावीकडे जाते. त्यामुळे चौदाच्या डोक्यावर चोवीस येत नाही, सत्तावीस येतो. दहाने पुढे गेले की एककाचा अंक तोच राहतो, ही दशमान पद्धतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट या पटावर दिसूच शकत नाही. सापशिडीला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटाला सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप दाखवायचा होता. अंकगणित शिकवण्याचे काम त्याने कधी अंगावर घेतलेच नव्हते. दोष आहे तो ‘सापशिडी खेळली, गणित झाले’ अशी टाचणात नोंद करून मोकळे होणाऱ्यांचा. ओळी एकाच दिशेने आखलेला पट आणि ‘घराचा अंक म्हण’ हा एक नियम एवढ्याने खेळ तोच राहून त्यातून शिकणे मात्र वाढते. हा बदल फुकट आहे, आणि बहुधा म्हणूनच तो कोणत्याही खरेदीच्या यादीत दिसत नाही.

खेळ मोठ्या प्रमाणावर आणि काटेकोरपणे तपासण्याचा भारतातला प्रयत्न दिल्लीत झाला. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्के, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेच्या बालवाड्यांमधल्या १,५४० मुलांसोबत चार महिने खास तयार केलेले खेळ खेळून घेतले: ठिपक्यांच्या समूहांची नजरेने तुलना करणे, आकारांतला वेगळा आकार ओळखणे, असे. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळ मुलांना आवडले, आणि ज्या उपजत जाणिवांना ते खतपाणी घालत होते त्या जाणिवा वाढल्या. ती वाढ वर्षभरानंतरही मोजता आली. पण ही मुले पहिलीत गेल्यावर अंक, चिन्हे आणि बेरीज-वजाबाकीच्या शालेय गणितात इतर मुलांच्या पुढे नव्हती. खेळातून आलेली जाण आणि पाटीवरचा अंक यांच्यामध्ये पूल बांधावा लागतो. तो बांधला नाही तर मूल अलीकडच्या काठावरच राहते. ‘आपोआप’ या शब्दाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

पुढे २०२५ मध्ये डुफ्लो, अभिजित बॅनर्जी, स्पेल्के आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भाजीचे दर, पाऊण-सव्वा किलोचे हिशेब आणि परत द्यायची मोड ही मुले तोंडी आणि बिनचूक सांगत. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की ती अडखळत. शाळेत जाणारी पण बाजारात काम न करणारी मुले नेमकी याच्या उलट: कागदावर साधी गणिते सोडवत, बाजारातला हिशेब त्यांना जमत नसे. ‘अनुभवातून गणित येतेच’ म्हणणाऱ्यांना हा अभ्यास अडचणीचा आहेच. ‘आधी रीत घोटा, व्यवहार मागाहून जमतो’ म्हणणाऱ्यांनाही तो तितकाच अडचणीचा आहे.

या दुसऱ्या पक्षाविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण खेळावर टीका झाली की तो लगेच पुढे सरसावतो. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी यांची उजळणी ही महाराष्ट्राची जुनी शिदोरी आहे आणि आकडेमोडीचा वेग वाढवायला ती उपयोगी पडते, यात शंका नाही. मात्र तीन चिंचोके काढून देता न येणाऱ्या मुलाकडून दोनाचा पाढा म्हणवून घेणे म्हणजे त्याला अर्थ नसलेले एक गाणे शिकवणे. बालवाडीत वह्या भरभरून अंक गिरवायला लावणाऱ्या शाळा पालकांना आवडतात, कारण वही घरी दाखवता येते. त्या वहीत हाताचे वळण दिसते; संख्याज्ञान दिसत नाही. खेळाच्या भोळ्या समर्थकांचा प्रतिवाद करायचा तो अशा शाळांच्या सोयीसाठी नव्हे.

मुक्त खेळ आणि थेट शिकवणे यांच्या मधल्या वाटेचाही अभ्यास झालेला आहे. केली फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना आकारांची ओळख तीन प्रकारे करून दिली. एका गटाला मोठ्या माणसाने आकारांचे गुणधर्म सांगितले आणि मुलांनी ते ऐकले. दुसऱ्या गटात मुले आणि मोठे माणूस मिळून त्या गुणधर्मांचे रहस्य शोधत होते. प्रश्न मोठ्याचे, हात आणि शोध मुलाचे. तिसऱ्या गटाला आकारांचे तेच साहित्य देऊन हवे तसे खेळू दिले. नंतर मुलांसमोर उलटे, लांबुडके, तिरपे त्रिकोण ठेवले. पायावर नीट बसलेला, वर टोक असलेला त्रिकोण तर सगळेच ओळखतात; फळ्यावर तोच काढला जातो. तीन बाजू आणि तीन कोन असलेला कोणताही आकार त्रिकोणच, हे दुसऱ्या गटातल्या मुलांना सर्वांत चांगले उमगले होते. मुक्त खेळणाऱ्या गटाची प्रगती या बाबतीत सर्वांत कमी होती. अशा अभ्यासांचा २०२२ मध्ये झालेला एकत्रित आढावाही सांगतो की प्रारंभिक गणितात, विशेषतः आकारज्ञानात, मार्गदर्शित खेळ थेट शिकवण्याहून सरस ठरतो. त्यातले ‘मार्गदर्शित’ हे विशेषण गाळून केवळ ‘खेळ’ उचलला जातो, तेव्हा पुरावाच अर्धा कापला जातो.

खेळवाद्यांच्या देव्हाऱ्यातली नावेही त्यांच्या बाजूने साक्ष देत नाहीत. फ्रीडरिश फ्रोबेलच्या किंडरगार्टनमधल्या ‘भेटवस्तू’ म्हणजे ठरावीक क्रमाने द्यायची भौमितिक साधने होती. त्यांतल्या एका घनाचे आठ सारखे लहान घन होत, आणि तो जोडता-सोडवताना मुलाला पूर्ण व भाग यांचे नाते दिसावे अशी योजना होती. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमला पहिले बालगृह काढले. त्यांच्या संख्यादांड्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत, बरोबर दहा-दहा सेंटिमीटरने वाढणाऱ्या, लाल-निळ्या पट्ट्यांच्या आहेत. सोनेरी मण्यांत एकक, दशक, शतक, सहस्र हातात धरता येतात. मुलाच्या या व्यवहाराला माँटेसरी ‘काम’ म्हणत, आणि साधन भलत्या रीतीने वापरणे त्यांना पसंत नव्हते. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विचार इकडच्या मातीत रुजवला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम करताना ताराबाई आणि अनुताईंना महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने अशा वस्तूंनी त्यांची जागा घेतली. वस्तू बदलल्या, पण त्यांच्यामागची रचना आणि मुलांजवळ बसणारी ताई बदलली नाही. आजही जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत दिसणारी गणितमाळ याच वळणाची आहे. शंभर मणी, दर दहा मण्यांनी रंग बदलणारे. सत्तेचाळीस शोधताना मूल चार दहा ओलांडून सात मण्यांवर थांबते, आणि संख्येची घडण त्याच्या बोटांखालून जाते. ‘तुला एकेक न मोजता कसं कळलं?’ असे बाईंनी विचारले, तर ती घडण मुलाच्या बोलण्यातही येते. बाईंनी विचारलेच नाही, तर गणितमाळ वर्गातल्या खिळ्यावर शोभेला उरते.

आता पडदा. लहान मुलांसाठीच्या अंक-ॲपमधला नेहमीचा प्रसंग असा: पडद्यावर पाच सफरचंदे, त्यांना बोट लावायचे, प्रत्येक स्पर्शाला आवाज येतो, ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’, आणि शेवटी टाळ्या, तारे, नाचणारे अस्वल. यात मोजले कोणी? एका वस्तूला एक नाव देण्याचे काम ॲपने केले, क्रम ॲपने सांभाळला, कुठे थांबायचे तेही ॲपनेच ठरवले, कारण स्पर्श झालेले सफरचंद रंग बदलते आणि दुसऱ्यांदा मोजताच येत नाही. मुलाकडे उरले ते बोट लावणे. मोजणीची जी तत्त्वे मुलाने चुकत-माकत स्वतः उभी करायची असतात, ती इथे यंत्राने त्याच्या वतीने पार पाडली. चिंचोके मोजताना मूल एक चिंचोका दोनदा मोजते, एखादा गाळते, आणि दोन वेळा दोन उत्तरे आली की बुचकळ्यात पडते. ते बुचकळ्यात पडणे फार मोलाचे असते, आणि नेमके तेच पडद्याने पुसून टाकलेले असते. मोजायला निसर्गाने दहा बोटे दिली आहेत, पडद्याला त्यांतले एकच पुरते.

सगळी ॲप अशीच असतात असे नाही, आणि डिजिटल साधनांच्या बाजूचा पुरावाही नाकारण्याचे कारण नाही. तो कशाचा आहे हे मात्र पाहावे लागते. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतला प्रयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. बॅनर्जी, शॉन कोल, डुफ्लो आणि ली लिंडन यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. चौथीची मुले आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळत. गुणांत पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.३५ पट आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ पट वाढ झाली. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने हे आकडे घसघशीत आहेत, आणि टॅब्लेट विकणाऱ्यांच्या सादरीकरणांत ते न चुकता येतात. येत नाही ते पुढचे. ही मुले नऊ वर्षांच्या आसपासची होती, चार वर्षांची नव्हती. एका संगणकापुढे दोन मुले बसत, म्हणजे त्यांना एकमेकांशी बोलावेच लागे, आणि मदतीला माणूस असे. कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर लाभ सुमारे ०.१ वर आला होता. त्याच शोधनिबंधात मुंबई आणि वडोदऱ्यातल्या ‘बालसखीं’चाही हिशेब आहे. वस्तीतल्याच एका तरुणीने मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवायचे, एवढाच तो उपक्रम. त्याचा परिणाम आकड्यांत संगणकाहून कमी होता, पण खर्च इतका कमी होता की रुपयामागे मिळणाऱ्या लाभात बालसखीच वरचढ ठरली.

दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी तपासलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय कार्यक्रमानेही साडेचार महिन्यांत गणितात मोठी वाढ दाखवली. ती मुले मुख्यतः उच्च प्राथमिक वर्गांतली होती, आणि निम्मा वेळ पडद्यासमोर तर निम्मा वेळ लहान गटात शिक्षक-साहाय्यकासोबत जाई. टांझानियातल्या खेड्यांत २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ स्पर्धेत टॅब्लेटवर स्वतःच शिकणाऱ्या मुलांची प्रगती झाली, हेही खरे. ती सात वर्षांपुढची होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला शाळा आलेलीच नव्हती. शून्यापेक्षा टॅब्लेट बरा, एवढेच त्यावरून म्हणता येते. उलट पेरूमध्ये सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले, आणि ३१९ शाळांच्या २०१२ च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. यांतला एकही अभ्यास बालवाडीतल्या मुलाविषयी नाही. त्या वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त बसू नये, आणि जितके कमी तितके बरे. स्वीडनने तर बालशाळांत डिजिटल साधने अनिवार्य करण्याचा निर्णय २०२३ मध्ये मागे घेण्याचे ठरवले.

‘साधन पोहोचले की शिकणे पोहोचते’ या समजाला आपल्याकडचीच एक आकडेवारी पुरते. ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६ टक्के होते, ते २०२२ मध्ये जवळजवळ ७५ टक्के झाले. याच काळात तिसरीतल्या, वजाबाकी येणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवरून २६ च्या आसपास आले. मध्ये करोनाची टाळेबंदी होती, म्हणून घसरणीचे खापर फोनवर फोडता येणार नाही. पण घरोघरी फोन असूनही शाळेची जागा त्याला भरून काढता आली नाही, हे उघड आहे. २०२४ मध्ये हे प्रमाण ३३.७ टक्क्यांपर्यंत चढले ते शाळा उघडून वर्ग पुन्हा भरू लागल्यावर.

लहान मुलांच्या बाबतीत पडद्याच्या बाजूने ज्याचे वजन मानावे असा एक प्रयोग शिकागोच्या परिसरातला आहे. तालिया बर्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात पहिलीतल्या ५८७ मुलांच्या घरी टॅब्लेट दिले. त्यावर रोज एक छोटी गोष्ट आणि तिच्या अनुषंगाने गणिताचे दोन-चार प्रश्न. आई किंवा वडिलांनी मुलाला जवळ घेऊन ते वाचायचे आणि त्यावर बोलायचे. वर्षाअखेरीस मुलांच्या गणितात फरक दिसला, आणि ज्यांचे पालक स्वतः गणिताला घाबरत त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तिथे टॅब्लेटने मोठ्या माणसाला बोलायला निमित्त दिले. एरवी ‘मला बाई गणित कधी जमलंच नाही’ म्हणून दूर राहणारी आई त्या निमित्ताने ‘पाचात अजून दोन आले तर?’ असे विचारू लागली. हेच काम छापील पुस्तकही करू शकेल, पण पडद्याने ते केले हे मान्य करायला हरकत नाही. डग्लस क्लेमेंट्स आणि ज्युली सारामा यांच्या बालगणित अभ्यासक्रमातही संगणक आहे. तो हाताने करायच्या कृती, गटातले खेळ आणि प्रशिक्षित शिक्षक यांच्या जोडीने येणारा एक भाग आहे. अंध किंवा कर्णबधिर मुलांसाठी, एकाच शिक्षकाने अनेक वर्ग सांभाळायच्या शाळेत, किंवा ताईंना एखादा खेळ कसा घ्यायचा हे चित्रफितीतून दाखवायला डिजिटल साधने उपयोगी आहेत. या उपयोगांवर वाद नाही. वाद आहे तो चार वर्षांच्या मुलाच्या हातात टॅब्लेट देऊन मोठ्यांनी उठून जाण्यावर.

मराठी मुलांच्या बाबतीत एक जास्तीचा प्रश्न आहे, त्याकडे ॲप बनवणारे सहसा पाहत नाहीत. बहुतेक अंक-ॲप इंग्रजी आराखड्यावर उभी असतात आणि त्यांवर मराठी आवाज चढवलेला असतो. इंग्रजीत एकवीसपासून पुढे संख्येचे नाव आणि तिचे लेखन एकाच क्रमाने चालते, आधी दशक मग एकक. मराठीत ते उलटे आहे. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सहा आधी येतात, म्हणून ३६ आणि ६३ यांची अदलाबदल पहिली-दुसरीच्या वह्यांत नेहमीची. ‘एकोणतीस’ म्हणताना कानावर तीस पडतो, लिहायचा आकडा मात्र दोनने सुरू होतो. शंभरपर्यंतची नावे तर जवळजवळ एकेक करून शिकावी लागतात. ही अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली गेली. तेव्हा डॉ. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत त्या सूचनेची यथेच्छ थट्टा झाली. कन्नड आणि तेलुगू मुले दशक आधी आणि एकक मागाहून असेच बोलतात, याकडे थट्टा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष गेले. ती रीत स्वीकारावी की नाही यावर मतभेद असू शकतात. मूळ अडचण खरी आहे, आणि ती सोडवायला दशकाच्या जुड्या, सुटे मणी आणि ‘तीन आणि साठ’ असे उलगडून सांगणारे कोणीतरी लागते. भाषांतरित ॲप या टप्प्यावरून त्याच वेगाने पुढे निघून जाते, ज्या वेगाने इंग्रजी मूल जाऊ शकते.

शेवटचा बचाव व्यवहाराचा असतो: शिक्षक पुरेसे नाहीत, अंगणवाडीतल्या ताईंना गणित शिकवण्याचे प्रशिक्षण नाही, मग टॅब्लेटशिवाय पर्याय काय? एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी ताईंवर पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, गृहभेटी आणि नोंदवह्या यांचा भार वाढतच गेला आहे. तंत्रज्ञान तिथे पोहोचले ते मुख्यतः माहिती भरण्यासाठी. २०२१ मध्ये आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’मधल्या इंग्रजीची आणि हातात दिलेल्या फोनच्या निकृष्ट दर्जाची तक्रार करत महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी त्याच वर्षी आपले फोन परत केले होते. मुलांसोबत बसायचा वेळ आधी नोंदींनी खायचा आणि मग वेळ नाही म्हणून मुलांपुढे पडदा ठेवायचा, असा हा पर्याय आहे.

वेगळा पर्याय तपासून झालेला आहे. तमिळनाडूतल्या ३२० अंगणवाड्यांच्या अभ्यासात, निवडलेल्या केंद्रांना फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची कार्यकर्ती देण्यात आली. गानिमियन, मुरलीधरन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी त्याचे मोजमाप केले. मुलांना प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. अठरा महिन्यांनंतर गणिताच्या गुणांत प्रमाण विचलनाच्या ०.२९ पट आणि भाषेत ०.४६ पट वाढ दिसली. आधीच्या ताईंना आरोग्य आणि पोषणाच्या कामाला मोकळीक मिळाल्याने खुजेपणाचे आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. जास्तीच्या कार्यकर्तीच्या मानधनाचा खर्च धरूनही संशोधकांनी हा कार्यक्रम किफायतशीर ठरवला.